पीचच्या झाडाची सेवाज्येष्ठता

पुण्याला जायला व्हिसा लागत नाही, ही लोकांना सोय वाटते. शरच्चंद्र कारखानिसांचा अनुभव वेगळा होता. बडोद्याला तरसालीतल्या त्यांच्या श्रीरंग सोसायटीतून गेल्या दोन वर्षांत तीन बायका लेकींच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या आणि सहा महिन्यांची मुदत भरताच मुकाट्याने परत आल्या. शरच्चंद्रांच्या पत्नी प्रेमलाबाई गेल्या पुण्याला. सव्वा महिना म्हणून गेल्या, त्याला या डिसेंबरात तेरा महिने झाले, आणि त्यांना परत पाठवू शकेल असं कुठलंही सरकार अस्तित्वात नव्हतं.

कारणं अर्थात रास्त होती. नातू विहंग आधी अशक्त होता, मग त्याला दात आले, मग लेक मैथिलीची रजा संपली, मग चांगल्या पाळणाघरात जागा मिळेना. शरच्चंद्रांनीच तिकडे जाऊन राहावं, हा प्रयोग बारशाच्या वेळी करून झाला होता. दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांचं अंथरूण हॉलमध्ये असे, आणि सकाळी जावई अनीश बूट हातात घेऊन, पाय न वाजवता त्यांच्या उशाजवळून ऑफिसला जाई. "बाबा उठले का बघ, मग मिक्सर लावते," असं मैथिली स्वयंपाकघरात कुजबुजली, ते त्यांनी पांघरुणातून ऐकलं. कुणीही वाईट वागलं नव्हतं. पण आपण एका घरात मिक्सरच्या आड येतो आहोत, ही जाणीव स्वाभिमानी माणसाला सोसवत नाही. चार दिवसांसाठी गेलेले शरच्चंद्र तिसऱ्याच दिवशी परत आले आणि घर फार दिवस बंद ठेवून चालत नाही, असं कारण त्यांनी जाहीर केलं.

तेव्हापासून रोज सकाळी सव्वाअकराला, विहंग झोपला की, प्रेमलाबाईंचा फोन येई. शरच्चंद्र विचारत, "हिंगाची डबी कुठे ठेवलीयस?" प्रेमलाबाई सांगत, मांडणीवर, डावीकडे. डबी तेव्हा बऱ्याचदा शरच्चंद्रांच्या हातातच असे. मग ते विचारत, "पायपुसणी कितीदा धुवायची असतात?" अशा प्रश्नांवर त्यांनी तेरा महिने काढले.

खरं सांगायचं तर त्यांना बायकोची फार आठवण येत होती. दुपारी चहाचं आधण अजून दोन कपांचंच पडे, आणि दुसरा कप ते कुणाला न सांगता उभ्याउभ्या पिऊन टाकत. पण 'तू ये' हे दोन शब्द उभ्या संसारात त्यांना कधी म्हणावे लागले नव्हते. अडतीस वर्षं बायको घरातच होती. जी व्यक्ती घरातच आहे तिला 'ये' म्हणायचं कसं शिकणार? आणि जे साठीच्या आत शिकलं नाही ते पुढे येत नाही, मग ते पोहणं असो की हे.

आता झाडाबद्दल. प्रेमलाबाईंचं लहानपण वडिलांच्या नोकरीमुळे डेहराडूनला गेलं होतं, आणि तिथल्या क्वार्टरच्या अंगणात पीचचं झाड होतं. पाच वर्षांपूर्वी एका रोपांच्या प्रदर्शनातून त्यांनी कमी थंडीत धरणाऱ्या जातीचं कलम आणलं आणि फाटकाशेजारी लावलं. अख्खी सोसायटी हसली. पीचला थंडी लागते, आणि बडोद्याची थंडी म्हणजे सकाळच्या फेरीला घातलेला स्वेटर परतीच्या वाटेवर कमरेला बांधावा लागतो, इतपत. पण प्रेमलाबाई झाडाला फसवायच्या. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी बंद करायच्या, उरलीसुरली पानं हाताने ओरबाडून काढायच्या आणि संक्रांतीच्या आत कडक छाटणी करायच्या. झाडाला वाटायचं आपण डेहराडूनला आहोत. फेब्रुवारीत ते गुलाबी फुलायचं आणि मे महिन्यात लिंबापेक्षा थोडी मोठी फळं द्यायचं. ती आंबट असत. प्रेमलाबाई ती डोळे मिटून खायच्या आणि शरच्चंद्र त्यांच्याकडे बघत बसायचे.

गेल्या वर्षी प्रेमलाबाई नव्हत्या म्हणून छाटणी झाली नाही. झाड दाढी न केलेल्या माणसासारखं वाढलं, फळं सुपारीएवढी झाली आणि ती पोपटांनी नेली. या डिसेंबरात, अठरा तारखेला, शरच्चंद्र पायपुसण्यांवरून काहीतरी विचारत असताना प्रेमलाबाई मध्येच म्हणाल्या, "अहो, यंदा छाटणी तेवढी करा. निम्म्याहून जास्त काडी काढायची, घाबरायचं नाही. मधलं पोट मोकळं करा, ऊन आत गेलं पाहिजे. संक्रांतीच्या आत हं. बहर चांगला आला तर बघा, फळं खायला येते की नाही मी."

एवढ्यात विहंग उठला आणि फोन बंद झाला. शरच्चंद्रांनी टेलिफोनशेजारच्या पॅडवर तारीख आणि वेळ घालून लिहिलं: 'बहर आला तर येते.' खाली दोन रेघा मारल्या. चौतीस वर्षं रेल्वेच्या आस्थापना शाखेत काढलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ही सशर्त मंजुरी होती.

ही बातमी त्यांनी फक्त भास्कररावांना सांगितली, म्हणजे ती दुपारपर्यंत सगळ्यांना कळली. भास्करराव रिफायनरीतून निवृत्त झालेले, शेजारच्याच घरात राहणारे. दोन्ही घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावर कोपर टेकून भास्करराव जगाला सल्ला देत. "शरदराव, टेन्शन नका घेऊ, थई जशे, होऊन जाईल," ते म्हणाले. "झाड काय, माणूस काय, एकदा सपाटून कापलं की सरळ येतं. पण हत्यार चांगलं पाहिजे. आणि आकार ठरवून घ्या. आकार नसेल तर फळाला चव नसते, ही सायन्सची गोष्ट आहे." सायन्स म्हणजे कुठलं, हे भास्कररावांना कुणी विचारत नसे, कारण ते सांगत.

हत्यारासाठी शरच्चंद्र बस पकडून दांडिया बाजारात उदयसिंहरावांकडे गेले. उदयसिंहरावांचे आजोबा संस्थानच्या काळात बागांवर देखरेख करत, त्यामुळे बागकामाचं सगळं ज्ञान आपल्या रक्तात आहे असा उदयसिंहरावांचा समज होता. त्यांच्या घरी एक कुंडीही नव्हती. त्यांनी शरच्चंद्रांना चहा-भाकरवडी दिली आणि अडीच तास गुलाबांबद्दल सांगितलं. पीचबद्दल ते शेवटी एकच वाक्य बोलले: "कारखानीस, झाडाला वाटीसारखा आकार द्या, उन्हाने आत बसून जेवलं पाहिजे." मग माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली आजोबांची विलायती कात्री काढून दिली. ती हातभर लांब होती आणि गंजल्यामुळे फक्त उघडत होती. मिटत नव्हती. ती खोबरेल तेलात दोन दिवस बुडवून शरच्चंद्रांनी तिच्याकडून मिटण्याचं काम करून घेतलं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई स्कूटर थांबवून म्हणाले, "काका, छाटणी करो छो? आ एक डाळ रस्ता उपर आवे छे. एनी एनओसी लेवी पडशे." झाडाची एक फांदी कुंपणाबाहेर, सोसायटीच्या रस्त्यावर गेली होती, आणि रस्ता सगळ्यांचा होता. आतल्या फांद्या शरच्चंद्रांच्या मालकीच्या. बाहेरची कमिटीच्या अखत्यारीतली. दुसरा कुणी असता तर हसून ती फांदी आधीच कापून मोकळा झाला असता. शरच्चंद्रांना मात्र नियमाचं नाव ऐकताच जरा बरंच वाटलं. फार दिवसांनी कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

त्यांनी विषय, संदर्भ आणि तीन जोडपत्रांसह अर्ज लिहिला. जोडपत्र 'अ' हा झाडाचा नकाशा होता. किरीटभाईंनी तो स्कूटरवरच वाचला आणि म्हणाले, "काका, वॉट्सॅप कर्यो होत तो चालत." हे शरच्चंद्रांच्या मनाला लागलं. असा मसुदा बघून त्यांचे साहेब खुर्ची मागे सारून उठायचे.

कमिटीची सभा मात्र काही होईना. डिसेंबर हा लग्नांचा महिना, परदेशचे पाहुणे आलेले, एक सभासद गोव्याला. कुणीतरी असंही सुचवलं की झाड म्हटल्यावर सरकारी परवानगीही घ्यावी. शरच्चंद्र त्या कार्यालयात गेले. तिथल्या खिडकीतल्या संगणकात चाळीस झाडांची यादी होती. तीत पीच नव्हतं. खिडकीमागचा इसम चांगला होता. त्याने 'आंबा लिहू का' असं आपणहून विचारलं. शरच्चंद्रांनी खोटी नोंद करायला नकार दिला, तेव्हा त्याने 'इतर' निवडलं, आणि आठवड्याने मोबाइलवर उत्तर आलं की अर्जात दिलेल्या जाडीवरून सदर वनस्पती झाड या व्याख्येत बसत नाही, सबब परवानगीची आवश्यकता नाही. शरच्चंद्र बाहेर जाऊन त्या वनस्पतीपाशी उभे राहिले. पाच वर्षं प्रेमलाबाईंनी जिला झाड समजून वाढवलं, तिच्याबद्दल असं ऐकायला लागावं याचं त्यांना वाईट वाटलं. हे त्यांनी सव्वाअकराच्या फोनवर सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी जिऱ्याबद्दल विचारलं.

या सगळ्यात जानेवारीची चौदा तारीख उजाडली. संक्रांतीच्या आत, म्हणजे आज. आणि बडोद्यात आज उत्तरायण. पहाटेपासून सगळी सोसायटी गच्च्यांवर होती. आकाशात पतंग, स्पीकरवर गाणी, हातात पिपाण्या, जिन्यांमधून उंधियूचा वास. अशा दिवशी गावात जमिनीवर असलेला एकमेव सज्जन माणूस म्हणजे शरच्चंद्र. पांढरा पायजमा, माकडटोपी, बगलेत विलायती कात्री. शिडी धरायला भास्करराव खाली आले होते, पण त्यांची मान वर होती आणि त्यांच्या नातवंडांनी पतंग कापला की ते शिडीसकट उडी मारत.

आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहिल्यावर शरच्चंद्रांच्या लक्षात आलं की कुठली काडी कापायची हे प्रेमलाबाई सांगायच्या राहिल्या, आणि आपण विचारायचे राहिलो. निम्म्याहून जास्त, हे ठीक. पण कोणती निम्मी?

विचारता आलं असतं. फोन खिशात होता. पण अकराशे माणसांची सेवाज्येष्ठतेची यादी ज्याने चौतीस वर्षं बिनचूक ठेवली, त्याने चार काड्यांसाठी पुण्याला फोन करायचा, हे त्यांना जमेना. त्यांनी झाडाकडे नीट पाहिलं आणि त्यांना एकदम सगळं स्पष्ट दिसलं. झाडावर दोन प्रकारचे कर्मचारी होते. काही फांद्या जाड, करड्या, सुरकुतलेल्या. पाच-पाच वर्षं सेवा झालेल्या. आणि बाकी सगळीकडे बारीक, तांबूस, लवचिक काड्या. गेल्या पावसात रुजू झालेल्या, अजून कायमही न झालेल्या. कपात करायची वेळ आली की शेवटी आलेला आधी जातो. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मोठमोठ्या युनियननीही हा नियम मान्य केलेला होता.

त्यांनी पहिली तांबूस काडी कापली. नेमकं त्याच वेळी वरच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि पन्नास गळ्यांतून आरोळी उठली, "ए काप्यो छे!" पिपाण्या वाजल्या. शरच्चंद्रांनी दचकून दुसरी कापली. आता मात्र वरून लोकांचं खरंच त्यांच्याकडे लक्ष गेलं. उत्तरायणाला मध्येमध्ये वारा पडतो आणि मंडळींना करमणूक हवी असते. तिसऱ्या काडीला समोरच्या दोन्ही गच्च्या ओरडल्या, "कारखानीसकाकाए काप्यो छे!" चौथीला स्पीकरवाल्याने गाणं थांबवून त्यांचं नाव घेतलं. "काका, लपेट!" "काका, डाबी बाजू हजी बाकी छे!"

माणसाचं असं आहे, की नोकरीत चौतीस वर्षं कुणी टाळी वाजवलेली नसते. निरोपसमारंभात वाजवतात, पण ती नारळाला असते. शरच्चंद्रांची मान ताठ झाली. कात्रीचा आवाज बदलला. ते डावीकडे गेले, उजवीकडे गेले, मधलं पोट मोकळं केलं, वाटीचा आकार दिला, वाटीचं ताट झालं तरी थांबले नाहीत. दीड तासाने ते खाली उतरले तेव्हा झाडावर फक्त ज्येष्ठ कर्मचारी शिल्लक होते, आणि कुंपणाबाहेरची ती एक फांदी. तिच्यावरच्या तांबूस काड्या मोकळ्या हलत होत्या. "ती पण उडवा," भास्करराव म्हणाले. "तिची एनओसी यायची आहे," शरच्चंद्र म्हणाले आणि गच्च्यांना नमस्कार करून आत गेले.

त्या दिवशी फोनवर त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही. "छाटणी झाली," एवढंच म्हणाले. "खरंच?" प्रेमलाबाई म्हणाल्या, "तुम्ही केलीत?" त्यांच्या आवाजातलं आश्चर्य शरच्चंद्रांनी दिवसभर पुरवून पुरवून वापरलं.

श्रीरंग सोसायटीत सल्ला देणारी बत्तीस घरं होती आणि विषयाची माहिती असलेली एक बाई. अहल्याताई. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, शेवटच्या ओळीत राहणाऱ्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण त्या आपणहून सांगत नसत. उत्तरायणाला त्या भावाकडे गेल्या होत्या. सोळा तारखेला परतताना फाटकापाशी थांबल्या. आधी त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग भिंतीशी रचलेल्या काड्यांच्या ढिगाकडे, आणि मग पिशवी खाली ठेवली.

"शरदभाऊ, ह्या कुणी कापल्या?"

"मीच," शरच्चंद्र थोडे फुलून म्हणाले. "ज्येष्ठतेनुसार."

अहल्याताईंनी एक काडी उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. तिच्यावर ओळीने बारीक डोळे होते, तीन-तीनच्या जुडग्यात. "हा मधला टोकदार आहे ना, तो पानाचा. हे बाजूचे दोन गुबगुबीत, लव असलेले, ती फुलं. पीच धरतं ते गेल्या वर्षीच्या कोवळ्या काडीवर. जुन्या लाकडावर काही येत नाही. जुनं काढायचं, नवं राखायचं. राखलेल्यातलंही विरळ करायचं, म्हणजे उरलेलं फळ मोठं होतं, गोड होतं." मग त्यांना शरच्चंद्रांचा चेहरा दिसला आणि त्यांनी आवाज उतरवला. "झाडाला काही होणार नाही. ते पुढच्या वर्षी येईल."

"पुढच्या वर्षी," शरच्चंद्र म्हणाले.

"आणि ही बाहेरची फांदी अगदी वेळेवर वाचवलीत. हिच्यावर येतील थोडी."

त्या गेल्यावर शरच्चंद्र पायरीवर बसले. ज्या नियमावर त्यांनी हयात काढली तो एका वनस्पतीला मान्य नव्हता, हे दुःख होतंच. पण ते वरवरचं. आतलं दुःख वेगळं होतं. पुण्याहून यायची जी एक वाट त्यांना दिसली होती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने, लोकांच्या टाळ्या घेत कापून तिचा ढीग रचला होता. त्यांनी त्या काड्या उचलल्या. टाकवेनात म्हणून न्हाणीघरातल्या बादलीत पाणी घालून त्यात उभ्या केल्या आणि बादली बैठकीत, प्रेमलाबाईंच्या खुर्चीशेजारी ठेवली. तीन दिवसांनी किरीटभाईंचा मेसेज आला की एका फांदीची एनओसी मंजूर झाली आहे. शरच्चंद्रांनी त्यांना उत्तरादाखल फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी ते उठून बैठकीत आले तर बादली फुलली होती. प्रत्येक काडीवर गुलाबी फुलं. पानं नाहीत, नुसती फुलं. अहल्याताईंनी येऊन सांगितलं की कळ्या भरलेल्या होत्या, पाणी मिळालं, फुलल्या. फळ धरणार नाही. शरच्चंद्रांनी मान हलवली. दिवसभर त्यांनी तिथेच बसून पेपर वाचला आणि पान उलटलं नाही.

भास्कररावांनी मात्र बादली पाहताच भिंतीवर थाप मारली. "शरदराव, वहिनी काय म्हणाल्या होत्या? बहर आला तर येते. फळाचं काही म्हणाल्या होत्या का आधी? बहर आहे तुमच्याकडे. फक्त झाडावर नाही. एवढी एकच अडचण आहे."

"बाहेरच्या फांदीवर येतायत फुलं," शरच्चंद्र म्हणाले. त्या फांदीवर खरोखरच सकाळी त्यांनी सात मोजली होती.

"सात फुलांसाठी पुण्याहून कोण येतं?"

शरच्चंद्रांनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. पीचच्या जागी आंबासुद्धा लिहू दिला नव्हता. पण तेरा महिन्यांचे आता चौदा झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघांनी शिडी लावली. भास्कररावांच्या गच्चीवर उत्तरायणाचा उरलेला मांजा होता. त्याने ते बादलीतली एकेक काडी झाडाला बांधू लागले. अकरापर्यंत झाड असं बहरलं की जाणारेयेणारे थांबून बघू लागले. किरीटभाईंनी त्याच्यासमोर आपला फोटो काढून घेतला. "इथे थोडं विरळ वाटतंय," असं म्हणत भास्कररावांनी चार काड्या थेट खोडाला बांधल्या. मांज्याने दोघांचीही बोटं कापली होती.

सव्वाअकराला फोन वाजला. शरच्चंद्रांनी व्हिडिओ सुरू केला आणि फोन झाडाकडे धरला.

"अगं बाई," प्रेमलाबाई म्हणाल्या. "अहो, हे आपलं?"

"आपलंच."

"एवढा बहर मी असताना कधी आला नव्हता." त्या म्हणाल्या. "जरा जवळ न्या हो फोन. आणखी. खाली घ्या जरा." त्यांनी चष्मा वर सरकवला. "खोडातून फुलं कशी आली? आणि हा गुलाबी दोरा कसला?"

"पतंग अडकला होता म्हणा," भिंतीमागून भास्करराव कुजबुजले.

शरच्चंद्रांनी तोंड उघडलं. पण पडद्यावर प्रेमलाबाईंचा चेहरा अगदी जवळ आला होता. विहंग त्यांच्या खांद्यावर होता, केस त्यांनी घाईत कसेतरी गुंडाळले होते, आणि कपाळाजवळच्या केसांतला पांढरा भाग पूर्वीपेक्षा वाढला होता. तो केव्हा वाढला हे शरच्चंद्रांना माहीत नव्हतं. त्या चेहऱ्याला त्यांना पतंगाचं सांगता येईना. त्यांनी फोन स्वतःकडे वळवला आणि सगळं सांगितलं: ज्येष्ठता, गच्च्या, टाळ्या, एनओसी, बादली, मांजा. अहवाल वाचल्यासारखं, क्रमाने, काही न वगळता. "तेव्हा खरी फुलं सात आहेत," ते शेवटी म्हणाले. "बहर आलेला नाही. म्हणजे तुझी अट पुरी झालेली नाही."

"कसली अट?"

"बहर आला तर येते. अठरा डिसेंबर, अकरा वाजून चाळीस मिनिटं. लिहून ठेवलंय मी."

"मी असं म्हणाले होते?" प्रेमलाबाई आठवून बघत म्हणाल्या. "असेन म्हणाले. सहज म्हणाले असेन हो."

दीड महिना शरच्चंद्र ज्या वाक्यावर जगले ते बोलणारीच्या लक्षातही नव्हतं. त्यांना राग आला. लागलेल्या बोटाकडे त्यांनी पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि त्या रागाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग बहराचं राहू दे. तू ये."

भिंतीमागून भास्कररावांचं डोकं वर आलं. रस्त्यावर किरीटभाईंनी स्कूटर बंद केली. पडद्यावर प्रेमलाबाई हलल्या नाहीत, तेव्हा शरच्चंद्रांना वाटलं नेटवर्क गेलं.

"विहंगला जूनमध्ये पाळणाघरात जागा मिळतेय," प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या. "तोवर मैथिलीला एकटीला सोडून कशी येऊ मी?"

"नाही, ते बरोबर आहे."

"चार महिने आहेत अजून."

"हो. चार."

फोन ठेवायची वेळ झाली होती, पण प्रेमलाबाई ठेवेनात. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अहो."

"काय?"

"मघाशी काय म्हणालात, ते परत म्हणा. नीट ऐकू आलं नाही. इथे विहंग रडतोय."

शरच्चंद्रांनी आजूबाजूला पाहिलं. भास्करराव भिंतीवर कोपर टेकून उभे होते, किरीटभाई स्कूटरवरून उतरले होते, आणि कोपऱ्यावरून अहल्याताई भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. विहंग आजीच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. तरी शरच्चंद्रांनी घसा खाकरला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते पुन्हा म्हणाले.